सलई

लोबान तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. निखाऱ्यावर त्याची चिमूट टाकली की पांढरा धूर उठतो आणि घरभर सुगंध पसरतो. एकदा मी नववीच्या वर्गात विचारले, "लोबान कोठून येतो?" कोणी म्हणाले, "बाजारातून." कोणी म्हणाले, "अरबस्तानातून." मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, तो एक प्रकारचा दगड असतो, डोंगरातून खणून काढतात." झाडाचे नाव कोणीही घेतले नाही. आणि गंमत अशी, की लोबानाच्या कुळातले एक झाड आपल्याच सातपुड्यात हजारोंच्या संख्येने उभे आहे. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असली की आपल्या उत्तरेकडे जी निळसर रांग दिसते, तोच हा सातपुडा. त्या झाडाचे नाव सलई.

त्याच वर्षी, म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये, आम्ही मुलांना घेऊन पाल येथे सहलीला गेलो. पाल हे गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत आहे. यावल अभयारण्य येथूनच जवळ आहे. हे अभयारण्य १९६९ साली घोषित झाले. घाट चढताना दोन्ही बाजूंच्या उतारांवर उघडी-बोडकी झाडे दिसू लागली. खोडे फिकट राखाडी, फांद्यांवर एकही पान नाही. एक मुलगा म्हणाला, "सर, ही सगळी झाडे मेली आहेत का?"

आमच्याबरोबर गावातले एक वयस्क तडवी गृहस्थ वाट दाखवायला आले होते. मुले त्यांना चाचा म्हणू लागली होती. चाचा हसले. त्यांनी एका खोडावरचा कागदासारखा पातळ पापुद्रा नखाने अलगद सोलला. आत हिरवट रंग दिसला. ते म्हणाले, "मेलेले झाड असे हिरवे असते का बेटा? हे झाड उन्हाळ्यात कपडे काढून झोपते. पाणी वाचवते." मग त्यांनी वर बोट केले. उघड्या फांद्यांच्या टोकांना लहान लहान पांढऱ्या फुलांचे तुरे लागले होते आणि त्यांच्यावर मधमाश्या गुणगुणत होत्या. मेलेल्या झाडाला फुले येत नाहीत, हे मुलांना सांगावे लागले नाही.

सलई हा मध्यम उंचीचा वृक्ष आहे. चांगली जमीन मिळाली तर तो १५ मीटरपर्यंत किंवा त्याहून थोडा उंच वाढतो. पण त्याला चांगली जमीन बहुधा मिळत नाही. जेथे माती पातळ आहे, दगड उघडे पडले आहेत, पाणी टिकत नाही, अशा उतारांवर आणि माथ्यांवर सलई उभी असते. सागाला खालची खोल माती लागते. सलई वरच्या खडकावर समाधान मानते. सातपुड्यात तिच्या शेजारी धावडा असतो, अंजन असतो. वणवा लागला तरी ती सहसा तग धरते आणि गुरे तिच्या पाल्याला फारसे तोंड लावत नाहीत. त्यामुळे जेथे इतर झाडे हरली तेथेही सलई राहिली.

तिचे पान संयुक्त असते. म्हणजे एकाच दांड्यावर अनेक पर्णिका असतात. दांड्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आठ ते पंधरा जोड्या आणि टोकाला एक एकटी पर्णिका. पूर्ण पान वीतभरापासून हातभरापर्यंत लांब असते. पर्णिकेची कड करवतीसारखी दातेरी असते. लांबून पाहणाऱ्याला हा कडुनिंबच वाटतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीने चित्र पाहून तसेच म्हटले होते आणि तिचे काही फार चुकले नव्हते. मात्र कडुनिंबाची साल काळपट व भेगाळलेली असते, सलईची फिकट व पापुद्रे सुटणारी असते. ही खूण लक्षात ठेवली की चूक होत नाही. पाने फांद्यांच्या टोकांशी गर्दी करून येतात, म्हणून पावसाळ्यात सलईची प्रत्येक फांदी एखाद्या हिरव्या छत्रीसारखी दिसते.

फूल अगदी लहान, पाच पाकळ्यांचे, आत दहा पुंकेसर. फळ तीन धारांचे असते. उन्हाळ्याच्या अखेरीस ते पिकून तीन भागांत उकलते आणि बिया बाहेर पडतात. पण या बियांपैकी रुजणाऱ्या थोड्याच असतात. सलई आपला वंश वाढवते तो बियांपेक्षा मुळांतून फुटणाऱ्या फुटव्यांनी. तोडलेली जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत रोवली तर तीही जगते. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

शास्त्रज्ञ सलईला बॉसवेलिया सेराटा म्हणतात. बॉसवेल नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरांवरून पहिला शब्द आला. दुसऱ्या शब्दाचा अर्थ करवतीच्या दातांसारखे, म्हणजे ती पानाची दातेरी कड. हे नाव १८०७ साली छापले गेले. ते देणारे विल्यम रॉक्सबर्ग कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. संस्कृतमध्ये या झाडाला शल्लकी म्हणतात. सलई हे नाव त्यावरूनच आले. उर्दू वाचणाऱ्या मुलांचा येथे हमखास गोंधळ होतो. सुरम्याची सलाई आणि दियासलाई यांतला शब्द वेगळा आहे. तो शलाका, म्हणजे काडी, या शब्दावरून आलेला आहे. आता योगायोग पाहा, सलईचे लाकूड हलके व मऊ असल्यामुळे आगकाड्या आणि खोकी बनवायला ते खरोखरच वापरले गेले!

संस्कृतमध्ये तिला आणखी एक नाव आहे, गजभक्ष्या. हत्ती जिचा पाला आवडीने खातात ती. आज सातपुड्यात रानटी हत्ती नाहीत, म्हणून हे नाव आपल्याला विचित्र वाटते. पण अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त माळव्याच्या सुभ्यातील हंडिया, बिजागड या भागांत रानटी हत्ती असल्याची नोंद आहे. हे प्रदेश आपल्या सातपुड्याच्या पलीकडच्याच अंगाला, नर्मदेच्या खोऱ्यात आहेत. चारशे वर्षांपूर्वी ते हत्ती कोणता पाला खात होते, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

आता डिंकाकडे येऊ.

सलईच्या सालीत बारीक नळ्यांचे जाळे असते. साल कापली की त्यांतून पांढरट, चिकट रस बाहेर येतो. हवा लागली की तो घट्ट होतो आणि सोनेरी अश्रूंसारखे थेंब तयार होतात. झाड हा रस आपल्यासाठी काढत नाही, जखम बुजवण्यासाठी काढते. त्या रसामुळे किडी व बुरशी यांना आत शिरता येत नाही. आपल्या बोटाला कापले की रक्त येते, मग त्याची खपली धरते. तसेच हे आहे. डिंक म्हणजे झाडाची खपली.

तुम्ही म्हणाल, डिंक तर आम्ही हिवाळ्यात लाडवांत खातो. तो डिंक वेगळा. लाडवांत जातो तो धावड्याचा किंवा बाभळीचा. तो पाण्यात विरघळतो. सलईच्या चिकात मात्र तीन गोष्टी एकत्र असतात. सर्वात मोठा वाटा राळेचा, ती पाण्यात विरघळत नाही. दुसरा वाटा साध्या डिंकाचा, तो विरघळतो. आणि थोडेसे, म्हणजे शेकडा पाच ते नऊ भाग, सुगंधी तेल असते. धुराला वास येतो तो या तेलाचा व राळेचा. सलईचा एक खडा पाण्यात टाकून घोटून पाहा. पाणी दुधासारखे पांढरे होते, पण स्वच्छ द्रावण कधीच होत नाही. खडा चावला तर मऊ होऊन दातांना चिकटतो आणि तोंड कडू होते. लाडवांसाठी तो कामाचा नाही.

पाण्याचे दूध होण्यावरून एक शब्द आठवतो. अरबीत लबन म्हणजे दूध. त्याच धातूपासून लुबान हा शब्द बनला, कारण तो चीकही दुधासारखा पांढरा असतो. अरबांचा हा लुबान ओमान, येमेन व सोमालिया या देशांतील झाडांपासून मिळतो. ती झाडे सलईच्या सख्ख्या बहिणी आहेत, तिचेही पहिले नाव बॉसवेलियाच. ओमानमधील लुबानाची झाडे आणि त्याच्या व्यापाराची जुनी बंदरे यांना युनेस्कोने २००० साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मग आपल्या दुकानातला लोबान तोच का? बहुतेक वेळा नाही. अरब व्यापाऱ्यांना सुमात्राकडील बेटांत दुसऱ्याच एका झाडाचा सुगंधी चीक मिळाला. त्यांनी त्याला लुबान जावी, म्हणजे जावाचा लुबान, असे नाव दिले. आज आपल्याकडे लोबान म्हणून प्रामुख्याने विकला जातो तो हा. म्हणजे खऱ्या लुबानाची बहीण आपल्या दारात उभी आणि आपण जाळतो दूरदेशीचा पाहुणा! युरोपीय लोकांनी त्या लुबान जावीचे बोलता बोलता बेंझॉइन केले आणि रसायनशास्त्रातला बेंझीन हा शब्दही त्यातूनच निघाला. तुम्ही अकरावीत विज्ञान घेतले तर तो तुम्हाला भेटेल.

खऱ्या लुबानाला युनानी वैद्यकात कुंदुर म्हणतात. आपल्या हकीमांकडे कुंदुर म्हणून जे मिळते ते बहुधा सलईचेच असते. संस्कृतमध्येही या चिकाला कुंदुरू म्हणतात. दोन वैद्यकांत एकच शब्द असणे हे जुन्या व्यापाराचे चिन्ह आहे. इब्न सीना (९८० ते १०३७) यांच्या 'अल-कानून' या ग्रंथात कुंदुरचे वर्णन आहे. युनानी हकीम तो जखमा भरण्यासाठी, खोकल्यासाठी व विसराळूपणावर देत आले. माजूने कुंदुर आजही तयार होते. आयुर्वेदात चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत शल्लकी आहे. सांधे दुखणे, सूज, जुलाब, दमा अशा तक्रारींवर ती वापरली जाई. परीक्षेच्या दिवसांत मुले मला विचारतात, "सर, कुंदुर खाल्ला तर धडा लक्षात राहतो का?" जुने हकीम तसे मानत, पण आधुनिक पद्धतीने ही गोष्ट अजून पुरेशी सिद्ध झालेली नाही. तोवर धडा दोनदा वाचलेला बरा.

सांध्यांच्या बाबतीत मात्र पुष्कळ काम झाले आहे. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात सलई गुग्गुळाचा सूज कमी करण्याचा गुण तपासला. नंतर जर्मनीतही अभ्यास झाले. त्यांतून असे दिसले, की चिकाच्या राळेत बॉसवेलिक आम्ले असतात. आपल्या शरीरात सूज वाढवणारे काही पदार्थ तयार होतात. ते तयार करण्याचे काम एक विकर करते. बॉसवेलिक आम्ले त्या विकराला अडवतात. कारखान्यात माल बनतो, तेथले एक यंत्र थांबवले तर माल कमी होतो, तसेच हे समजा. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सहसा दुसरे यंत्र थांबवतात.

आपल्या महाराष्ट्रातही एक चांगली चाचणी झाली. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी गुडघे झिजलेल्या ३० रुग्णांवर ती केली आणि २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पद्धत समजून घेण्यासारखी आहे. अर्ध्या रुग्णांना आठ आठवडे सलईच्या अर्काचे औषध दिले, अर्ध्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले. कोणाला काय मिळाले हे रुग्णांनाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. मधे काही दिवस थांबून मग अदलाबदल केली. औषध घेतलेल्यांचे दुखणे कमी झाले, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. पण क्ष-किरण चित्रांत काही फरक दिसला नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. औषधाने वेदना व सूज कमी झाली. झिजलेले हाड परत आले नाही.

हे मला आधी माहीत असते तर आमच्या घरी एक प्रसंग टळला असता. माझ्या अम्मीचे गुडघे पुष्कळ वर्षे दुखतात. नमाजही ती खुर्चीवर बसून पढते. आठवडी बाजारात एका जडीबुटी विकणाऱ्याने तिला सांगितले, की सलईचा कच्चा डिंक कुटून रोज दोन चमचे घ्या, दोन महिन्यांत गुडघे जवानीसारखे होतील. तिने मला न सांगता सुरू केले. दहाव्या दिवशी पोटात जळजळ व जुलाब. डॉक्टरांकडे नेले तेव्हा तिने पदराआडून पुडी काढली. डॉक्टरांनी ती हुंगली आणि म्हणाले, "सलई वाईट नाही, अम्मा. पण कच्चा चीक म्हणजे औषध नव्हे. यात माती आहे, साल आहे आणि मात्रा कोणी मोजली?" नंतर त्यांनीच शुद्ध केलेल्या अर्काच्या गोळ्या मोजून दिल्या, तेही तिच्या बाकीच्या गोळ्या पाहून. अम्मीला थोडा आराम आहे. जिना ती अजूनही कठडा धरूनच चढते. गर्भवती स्त्रियांनी आणि इतर औषधे चालू असलेल्यांनी तर हा प्रयोग मनाने कधीच करू नये.

येथे आणखी एक घोटाळा सांगितला पाहिजे. सलई गुग्गुळ आणि गुग्गुळ या दोन वस्तू आहेत. गुग्गुळ काटेरी झुडपापासून मिळतो. ते झुडूप राजस्थान व गुजरातच्या कोरड्या भागांत वाढते. कूळ एकच, पण झाडे वेगळी आणि गुणही वेगळे. दुकानात मागताना पूर्ण नाव घ्यावे.

औषधाला मागणी वाढली, तसे झाडाचे हाल वाढले. पालला चाचांनी आम्हाला एका झाडापाशी नेले. खोडाला चारही बाजूंनी कुऱ्हाडीचे खोल घाव होते. खालची साल जवळपास सगळी निघाली होती आणि लाकूड काळे पडले होते. चाचा म्हणाले, "मास्तर, माझे वडीलही डिंक काढायचे. पण ते एका बाजूने थोडीशी साल काढत. आत लाकडाला हात लावत नसत. पावसाळा आला की थांबत. पुढल्या वर्षी या झाडाला सुट्टी, त्या झाडाची पाळी. आता रात्री येतात, घाव घालतात आणि जातात. त्यांना पुढल्या वर्षी इथे यायचेच नसते."

जुन्या पद्धतीत जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीची एक पातळ पट्टी काढतात. थेंब जमले की खरवडून टोपलीत घेतात आणि थोड्या दिवसांनी जखम किंचित ताजी करतात. टोपलीतला चीक महिनाभर निथळत ठेवतात. पातळ रस गळून जातो आणि उरलेला चीक वाळवून, फोडून, निवडून त्याची प्रत ठरवतात. पारदर्शक सोनेरी खडा पहिल्या प्रतीचा, साल मिसळलेला चुरा शेवटचा. एवढे कष्ट करून एका मोठ्या झाडापासून वर्षाला साधारण किलोभर माल मिळतो. झटपट जास्त काढण्याचा मोह त्यातूनच होतो. सातपुड्यात डिंकाची चोरटी वाहतूक वनविभागाने पकडल्याच्या बातम्या तुम्ही वर्तमानपत्रांत वाचल्या असतील. अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काही काढता येत नाही. मात्र यात एक बाजू अशी, की पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांसाठी गौण वनोपज हे जुने उत्पन्न आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करण्याचा त्यांचा हक्क मान्यही केला आहे. झाडाला वाचवून डिंक काढणारा आणि झाड मारून डिंक नेणारा यांना एकाच मापाने मोजू नये असे मला वाटते.

झाडाला जास्त जखमा केल्या तर नुसते झाडच दुबळे होते असे नाही. एरिट्रिया देशात सलईच्याच एका बहिणीचा अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या झाडांचा चीक काढला जात नव्हता त्यांच्या शंभर बियांपैकी ऐंशीहून अधिक रुजल्या. ज्यांचा सतत काढला जात होता त्यांच्या शंभरातल्या सोळाही रुजल्या नाहीत. झाडाची सारी शक्ती जखमा भरण्यात गेली, बियांसाठी उरली नाही. २०१९ साली त्याच झाडाविषयी आणखी मोठा अभ्यास आला. बहुतेक जंगलांत म्हातारी झाडे होती, लहान रोपे नव्हती. आपली सलई मुळांतूनही फुटते, म्हणून तिची स्थिती तेवढी बिकट नसावी. पण तो घाव घातलेला बुंधा पाहिल्यावर मुले बराच वेळ गप्प होती.

सलईवर कुऱ्हाड आली ती फक्त डिंकासाठी नाही. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने तुम्ही गेला असाल तर बऱ्हाणपूरच्या पुढे नेपानगर स्थानक लागते. तेथे भारतातील पहिला वृत्तपत्र-कागदाचा कारखाना आहे. १९५६ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. तो कारखाना तेथे उभारण्याचे एक मोठे कारण सलई हेच होते. सातपुड्याची सलई आणि बांबू यांच्या लगद्यापासून तेथे कागद बनत असे. त्या काळात आपल्या आजोबांनी वाचलेल्या किती तरी वर्तमानपत्रांत सलई होती! पुढे लाकूड पुरेनासे झाले आणि रद्दी कागदाचा लगदा वापरात आला.

पालहून निघताना वाऱ्याने मोडून पडलेली सलईची एक जाड फांदी वाटेत दिसली. वनरक्षकांना विचारून आम्ही तिचा पुरुषभर उंचीचा तुकडा बरोबर घेतला. मुलांना वाटले, वाळके लाकूड कशाला न्यायचे. शाळेच्या मागे कुंपणाजवळ, जेथे मुरूम असल्यामुळे काहीच जगत नाही, तेथे तो सावलीत टेकवून ठेवला आणि जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर रोवला. जुलै कोरडाच गेला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सातवीची एक मुलगी धावत आली, "सर, लाकडाला कडुनिंब फुटला!" वरच्या टोकाला पोपटी रंगाची चार पाने आली होती. गल्लीतल्या बकऱ्या कुंपणातून आत येतात आणि सगळे खातात. जास्वंद त्यांनी ठेवली नाही. या पानांना मात्र त्यांनी हुंगून सोडून दिले. फेब्रुवारीत पाने गळतात तेव्हा दर वर्षी पाचवीची नवी मुले येऊन तीच तक्रार करतात, की सर, आपले झाड मेले. मोठी मुले आता मला बोलावत नाहीत. तीच पापुद्रा थोडासा सोलून दाखवतात.